ग्रेपफ्रूट दर हिवाळ्यात जळतं आणि बुंध्यातून तीन-तीन पानांची फूट येते: कारणं आणि उपाय

मार्च संपत आला की अमेरिकेच्या आग्नेयेकडच्या अटलांटा, शार्लट, बर्मिंगहॅम या पट्ट्यातल्या मराठी घरांतून एकाच धर्तीचे फोटो यायला लागतात. वर राखाडी, वाळक्या फांद्या आणि बुंध्याशी लांब काट्यांची, हिरवीगार, सरळसोट फूट. सोबत आनंदाने लिहिलेलं असतं, "झाड जगलं! पण पानं अशी तीन-तीन का आलीत?" गेल्या वर्षी हेच झालेलं असतं आणि पुढच्या वर्षीही बहुधा होणार असतं.

जगलाय तो खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलं ते खालचं, मुळांचं झाड. ज्या ग्रेपफ्रूटसाठी पैसे मोजले ते वरचं कलम बहुतेक गेलेलं असतं. विदर्भात संत्र्याचे डोळे (फांदीवरचे अंकुर) जंबेरीच्या खुंटावर भरतात, तसे इकडच्या बऱ्याच नर्सऱ्या ग्रेपफ्रूटचे डोळे ट्रायफोलिएट ऑरेंजवर किंवा त्याच्या एखाद्या संकरावर भरतात. ट्रायफोलिएट मूळचं चीनमधलं. हिवाळ्यात सगळी पानं गाळून झोपतं आणि उणे २० सेल्सिअसलाही दाद देत नाही. वरचं ग्रेपफ्रूट मात्र उणे ३-४ला पानं टाकतं आणि उणे ६-७ला खोडापर्यंत जळतं. बुंधा एक, पण झाडं दोन आणि दोघांची प्रकृती पूर्ण वेगळी. थंडीने वरचं मेलं की खालचं मोकाट सुटतं.

आधी नक्की काय उगवलंय ते बघा

तीन पानं दिसली म्हणून लगेच कात्री घेऊन धावू नका. ग्रेपफ्रूटचं पान एकेरी, मोठं, जाडसर असतं आणि त्याच्या देठाला दोन्ही बाजूंनी चांगला रुंद पंख असतो. घरी पपनस होतं त्यांना हा पंख ओळखीचा असेल. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्र्याचा कॅरिबियनमध्ये आपोआप झालेला संकर आहे, त्यामुळे पान थेट त्या घराण्याचं. ट्रायफोलिएटचं पान मात्र बेलाच्या पानासारखं त्रिदल असतं, फक्त आकाराने बारकं. बेल आणि ट्रायफोलिएट एकाच कुळातले आहेत, त्यामुळे हे साम्य निव्वळ योगायोगाचं नाही. एकाच फुटीवर काही पानं एकेरी, काही दोनदळी, काही त्रिदल दिसली तर खुंट कॅरिझोसारखा, म्हणजे ट्रायफोलिएट आणि गोड संत्र्याचा, संकर असण्याची शक्यता जास्त.

आता खरी गोम. थंडी सोसणारं ग्रेपफ्रूट म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं सिट्रुमेलो असतं, म्हणजे ग्रेपफ्रूट आणि ट्रायफोलिएटचा संकर. त्याची स्वतःची पानंही त्रिदलच असतात. डन्स्टन सिट्रुमेलो लावलं असेल तर तीन पानांवरून काहीच ठरत नाही. मग फूट कुठून निघाली ते बघावं लागतं. बुंध्याजवळची माती आणि आच्छादन हाताने बाजूला करा. खोडाला जिथे हलकं वळण आहे, जाडी एकदम बदलते किंवा सालीचा रंग-पोत बदलतो, तो कलमाचा जोड. तो सहसा जमिनीपासून वीतभर वर असतो, पण रोप खोल लावलं असेल तर मातीखाली गेलेला असतो. फूट जोडाच्या वरून असेल तर तुमचं झाड जिवंत आहे, सांभाळा. जोडाच्या खालून असेल तर खुंटाची.

रोप बियांपासून वाढवलेलं असेल तर जोडाचा प्रश्नच नाही. जमिनीतून जे येईल ते तुमचंच.

वरचं खरंच मेलंय का, हे मार्चमध्ये ठरवायची घाई करू नका. एक खूण मात्र थंडीनंतर आठ-दहा दिवसांतच मिळते आणि ती कोणी सहसा बघत नाही. पानं करपली आणि स्वतःहून गळून पडली तर फांदी जिवंत आहे. पान गाळायला देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार व्हावा लागतो आणि ते काम जिवंत फांदीच करू शकते. पानं तपकिरी होऊन तशीच लटकून राहिली, ओढली तरी सुटेनात, तर ती फांदी गेली. म्हणजे उघडंबोडकं झालेलं झाड बघून रडायचं नाही आणि वाळक्या पानांनी भरलेलं बघून हुरळायचं नाही. त्यानंतर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर ठीक. पिवळट-तपकिरी आणि कोरडं असेल तर तसंच खाली खाली खरवडत जा, हिरवं लागेपर्यंत. जोडापर्यंत हिरवं लागलं नाही तर निकाल स्पष्ट आहे.

मग जळतं का? लेबलवर तर उणे १२ लिहिलं होतं

लेबलवरचा आकडा खोटाच असतो असं नाही, पण तो अर्धवट असतो. तो आकडा मोठ्या, मुरलेल्या आणि झोपेत गेलेल्या झाडाचा असतो. तुमचं रोप दोन वर्षांचं, पेन्सिलएवढ्या फांद्यांचं आणि जानेवारीत टक्क जागं असतं.

खरं कारण इथेच आहे. संत्र्याचा बाग ज्यांनी पाहिलाय त्यांना ताण ठाऊक असतो. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते आणि अवकाळी पाऊस आला की ताण तुटतो, नको तेव्हा नवती फुटते. जॉर्जियात, कॅरोलायनात हिवाळाभर पाऊस असतो, तेव्हा पाण्याचा ताण देणं आपल्या हातात नाही. इथे ताण देते ती थंडी. साधारण १३ सेल्सिअसच्या खाली लिंबूवर्गीय झाडाची वाढ थांबते आणि असे बरेच आठवडे सलग मिळाले की झाड काटक होतं. पण इथला हिवाळा सलग नसतो. जानेवारीत मध्येच सहा दिवस २० अंशांची ऊन-ऊन हवा येते, ताण तुटतो, कोवळी फूट येते आणि सातव्या रात्री उत्तरेकडून गारठा कोसळतो. ट्रायफोलिएट अशा भूलथापांना फसत नाही, सात्सुमा संत्रं फारसं फसत नाही. ग्रेपफ्रूट हमखास फसतं. सात्सुमा उणे ८-९पर्यंत निभावतं आणि ग्रेपफ्रूट नाही, यामागे ही झोपेची गोष्ट मोठी आहे.

याचा सर्वांत मोठा दाखला फ्लोरिडातला आहे. डिसेंबर १८९४मध्ये तिथे मोठी थंडी पडली. फळं गोठली, पानं गळाली, पण झाडं बहुतांशी जगली. जानेवारी उबदार गेला, झाडांत रस चढला, नवी फूट आली. आणि फेब्रुवारी १८९५मध्ये दुसरी लाट आली तेव्हा खोडांच्या साली फाटल्या, बागाच्या बागा जमिनीपर्यंत मेल्या. पहिल्या लाटेने जे केलं नाही ते दुसरीने केलं, कारण मधल्या उबेने झाडं उठवून ठेवली होती. त्या आपत्तीनंतर अमेरिकन कृषी खात्याने थंडी सोसणाऱ्या जातींसाठी संकराचं काम हाती घेतलं. वॉल्टर स्विंगल यांनी १९०७मध्ये डंकन ग्रेपफ्रूट आणि ट्रायफोलिएटचा जो संकर केला तो स्विंगल सिट्रुमेलो. खायला फळ मिळावं हा मूळ हेतू पुरता साधला नाही आणि १९७४मध्ये तो खुंट म्हणून प्रसारित झाला. आज तुमच्या ग्रेपफ्रूटखाली कदाचित तोच असेल.

दुसरा गैरसमज अमेरिकन कृषी खात्याच्या झोनच्या नकाशाचा, म्हणजे कुठे किती थंडी पडते ते दाखवणाऱ्या नकाशाचा. २०२३च्या नकाशात अटलांटाचा बराच भाग ८-अमध्ये आला आणि लोकांनी उत्साहाने लिंबूवर्गीय झाडं लावली. पण झोनचा आकडा म्हणजे दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीची अनेक वर्षांची सरासरी. त्याहून थंड रात्री येणारच, म्हणून तर ती सरासरी. डिसेंबर २०२२मध्ये नाताळाच्या तोंडावर अटलांटात पारा काही तासांत गोठणबिंदूच्या वरून उणे १३च्या आसपास उतरला आणि दुसऱ्या दिवशीही दिवसभर शून्याखालीच राहिला. झाड मरतं ते पारा किती खाली गेला याइतकंच तो किती तास तिथे राहिला यामुळे. पहाटे दोन तास उणे ५ आणि सलग चौदा तास उणे ५ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ऑगस्टपासून करायची कामं

हिवाळ्याची तयारी नोव्हेंबरात करतात ती पांघरुणाची. खरी तयारी उन्हाळ्यात होते. जुलैनंतर नत्राचं खत बंद. हिरवळीला घालता ते खतही झाडाच्या घेराखाली जाऊ देऊ नका, कारण मुळं फरक करत नाहीत. ऑगस्टनंतर छाटणीही नको, छाटलं की फूट येते. सप्टेंबरपासून पाणी कमी करत जा. मात्र गारठ्याची लाट यायच्या आधी जमीन कोरडीठक्क असेल तर एकदा भरपूर पाणी द्या, ओली माती दिवसा ऊब धरते आणि रात्री सोडते. झाडाभोवतीचं आच्छादन त्या सुमारास बाजूला सारा. आच्छादनामुळे मातीची ऊब खालीच अडकते आणि पानांपर्यंत येत नाही.

जागा चुकली असेल तर बाकी सगळं व्यर्थ. थंड हवा पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि अडथळ्यापाशी साचते. परसाच्या खालच्या कोपऱ्यात, लाकडी कुंपणाला लागून लावलेलं झाड म्हणजे त्या डबक्यात उभं केलेलं झाड. घराच्या दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीलगत, पाच-सहा फुटांवर, उंचवट्यावर लावलं तर रात्री दोन-तीन अंशांचा फायदा सहज मिळतो. लाल चिकणमातीत उंचवटा तसाही हवाच, नाहीतर मुळं कुजतात.

भर लावा

दरवर्षी खुंटच उरतो या दुखण्यावर सगळ्यांत खात्रीचा इलाज जुना आणि फुकट आहे, तो म्हणजे मातीची भर. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास (नोव्हेंबरअखेर), पहिल्या कडक गारठ्याआधी, बुंध्याभोवती मातीचा ढीग करायचा. कलमाच्या जोडाच्या वर किमान फूटभर खोड मातीत गेलं पाहिजे. वरचं सगळं जळलं तरी हे फूटभर ग्रेपफ्रूट वाचतं आणि मार्चमध्ये फूट त्यातून येते. एक-दोन वर्षांची वाढ जाते, पण ग्रेपफ्रूट टिकतं.

यात नडतात त्या दोन गोष्टी. अंगणातली लाल चिकणमाती वापरू नका. ती ओली होऊन खोडाला चिकटून बसते आणि साल कुजते. वाळूमिश्रित, निचऱ्याची माती आणा. आणि भर लावण्याआधी खोडाला बोर्डो मलम किंवा एखादं ताम्रयुक्त बुरशीनाशक लावा, नाहीतर थंडीतून वाचलेलं झाड डिंक्याने, म्हणजे बुंध्यातून डिंक गळून साल कुजवणाऱ्या रोगाने, जाईल. मार्चच्या मध्यानंतर कडक गारठ्याची भीती सरली की भर पूर्ण काढायची. हळूहळू, हाताने किंवा पाण्याच्या धारेने, कारण आतली साल कोवळी असते. मुंग्यांनी घर केलंय का तेही बघा. एप्रिल-मे उजाडला तरी भर तशीच ठेवणारे लोक आहेत आणि त्यांच्या झाडांची साल जोडापाशी हमखास कुजलेली निघते.

गारठ्याची रात्र

पांघरुणाबद्दल एकच नियम लक्षात ठेवा. झाड स्वतः उष्णता तयार करत नाही, जमीन सोडते. म्हणून कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडांवर विटा ठेवून बंद झालं पाहिजे. फांद्यांभोवती चादर गुंडाळून बुंध्याशी सुतळीने बांधायची पद्धत दिसायला नीट, पण कामाची नाही, कारण जमिनीची ऊब बाहेरच राहते. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर टेकलेली पानं जळतात, म्हणून आधी काठ्यांचा सांगाडा उभा करा. सकाळी ऊन आलं की उघडा, नाहीतर आत ऊब वाढून पुन्हा तोच ताण तुटायचा प्रकार.

उणे ६च्या खाली जाणार असेल तर नुसत्या कापडाने भागत नाही, आत उष्णता लागते. जुन्या पद्धतीच्या, तार तापणाऱ्या नाताळच्या मोठ्या बल्बांची माळ फांद्यांत सोडली तर लहान झाड निभावतं. एलईडी माळा लावून लोक निर्धास्त झोपतात, त्या उजेड देतात, ऊब नाही. साधारण २ अंशांना आपोआप चालू आणि ७ला बंद होणारा प्लग मिळतो, तो घ्या आणि बाहेर चालणारीच वायर वापरा. निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, तसं काही परसात करायला जाऊ नका. कापड, वाळकी पानं आणि लाकडी कुंपण यांच्यामध्ये विस्तव म्हणजे शेजाऱ्यांकडून थेट अग्निशमन दलाला फोन.

जळून गेल्यावर

वरचं जिवंत असेल तर काहीच करू नका. ना छाटणी, ना खत. पानंच नाहीत, तेव्हा पाणीही बेताचंच. पहिली फूट पाहून छाटायला जाल तर फसाल. अर्धमेल्या फांद्याही आत साठलेल्या अन्नावर फुटतात आणि मे महिन्यात पुन्हा कोमेजतात. जून उजाडू द्या, मग जिवंत लाकडापर्यंत कापा. उघड्या पडलेल्या खोडाला उन्हाने भाजू नये म्हणून पाण्यात निम्म्याने पातळ केलेला पांढरा लॅटेक्स रंग लावा. खुंटाची फूट दिसेल तेव्हा कोवळी असतानाच बुडातून उपटून काढा. कापली तर राहिलेल्या डोळ्यांतून चारपट येते.

वरचं मेलं असेल तर खुंट टाकून देऊ नका. त्याची मुळं आता जोरात आहेत. एकच सरळ फूट ठेवा आणि साल सुटायला लागली की, म्हणजे मेपासून उन्हाळाभर, तिच्यावर डोळा भरा. कोकणात-विदर्भात वाढलेल्या कुणा काका-मावशींना हे येत असेल तर त्यांच्या अमेरिका-वारीचा याहून चांगला उपयोग नाही. भरा मात्र जमिनीलगत, भर लावायला सोपं जाईल असा.

याहून टिकाऊ मार्ग म्हणजे जोडच नसलेलं झाड. सिट्रुमेलोच्या बिया बहुतांशी आईवर जाणारी रोपं देतात, डंकन ग्रेपफ्रूटच्याही. बी नको तर गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं आणून ती वेगळी करा. असं झाड जमिनीपर्यंत जळलं तरी वर येतं ते तेच. किंमत अशी की बियांचं झाड फळाला सात-आठ वर्षं किंवा जास्तही घेतं, आणि ग्रेपफ्रूटची स्वतःची मुळं चिकणमातीत डिंक्याला लवकर बळी पडतात. सिट्रुमेलोची मुळं त्याबाबत बरीच दणकट. म्हणून स्वतःच्या मुळांवर वाढवायचं तर सिट्रुमेलोच, असं माझं मत.

जात बदलायची तर

मोठ्या दुकानांत मिळतात ते रिओ रेड आणि रूबी रेड. टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या हवेला शोभणाऱ्या जाती. फेब्रुवारी २०२१च्या लाटेत तिथल्या बागांचेही हाल झाले. अटलांटात त्या कुंडीतच ठेवा आणि थंडीत आत घ्या. आत घेतल्यावर पानं गळत असतील तर कुंडी गार फरशीवर आणि पानं खिडकीच्या उन्हात, असं झालंय का बघा. गार मुळं पाणी ओढत नाहीत. कुंडीखाली लाकडी फळी द्या किंवा उन्हातून मागे सारा.

ब्लूमस्वीट ही ग्रेपफ्रूटसारखीच एक जात साध्या ग्रेपफ्रूटपेक्षा थोडी काटक आहे. सव्हाना, मोबील अशा किनारी शहरांत जमून जाईल, अटलांटात भर आणि बल्ब दोन्ही लागतील. जमिनीत लावून रात्री शांत झोपायचं असेल तर डन्स्टन सिट्रुमेलो, तेही पहिली तीन-चार वर्षं सांभाळून. चवीबद्दल विक्रेते सांगतात तेवढं ते ग्रेपफ्रूट नाही. रस भरपूर, बिया त्याहून भरपूर आणि मागे राळेसारखा एक वास राहतो. पूर्ण पिवळं होऊ दिलं तर तो कमी होतो. सरबताला उत्तम, नुसतं सोलून खायला मन घट्ट करावं लागतं. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मंडळींचं दुखणं उलट असतं. तिथे झाड मरत नाही, पण उन्हाळा गार म्हणून फळ आंबटच राहतं. तिथे ओरोब्लांको लावा. पपनसाशी संकर करून कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८०मध्ये आणलेली ही कमी आंबट जात आहे आणि तिला गोडीला ऊब कमी लागते. थंडी सोसण्यात मात्र ती साध्या ग्रेपफ्रूटहून सरस नाही.

रोप आपल्या राज्यातल्या नोंदणीकृत नर्सरीतूनच घ्या. फ्लोरिडात २००५मध्ये लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग सापडला आणि तिथल्या बागांची वाताहत झाली. तिथून गाडीच्या डिकीत रोप घालून आणणं बेकायदा आहे. सुट्टीत गावाहून पपनसाच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणणंही तसंच, आणि विमानतळावर त्या सापडतात.